पोरी मैदानात माझं नाव घेतात ते खरं आहे

परंडा,
भाऊबीजेनंतरचा तिसरा सोमवार

तीर्थरूप सत्यभामाआक्का यांच्या पायाशी परंड्याहून मल्हारचा नमस्कार पोचावा. तुमचे गुडघे, बिभीषणरावांची साखर आणि दारातली काळी गाय, तिन्ही आटोक्यात असावीत. इकडं सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून मीही लिहितो. यंदा घरात तळण नव्हतं. तुम्ही गाडीच्या ड्रायव्हरजवळ दिलेला फराळाचा डबा मिळाला. चिवडा छान होता असं कळलं. (मला दोन घास मिळाले. बाकीचा कुणी खाल्ला ते पुढं येईलच.)

परवा फोनवर तुम्ही फार रागात होता. "मल्हारराव, खरं का खोटं तेवढं सांगा," असं सारखं विचारत होता आणि मी सारखं "हं" म्हणत होतो. फोनवर मला बोलता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. (युवराज पुण्याहून रोज फोन करतो. "जेवलात का?" "जेवलो." एवढं झालं की तो फोन ठेवतो. पोरगा माझ्यावर गेलाय.) म्हणून लिहून कळवतो. तुमच्या कानावर आलं ते खरं आहे. कॉलेजच्या पोरी मला भर मैदानात नावानं हाका मारतात. राव नाही, काका नाही, सर नाही. नुसतं मल्हार, तेही बेंबीच्या देठापासून. पण हे कसं झालं ते आधी वाचा आणि मग काय बोलायचं ते बोला.

तुमच्या बहिणीचं, अयोध्याचं तेरावं करून तुम्ही नळदुर्गला गेलात, त्यानंतर थोड्याच दिवसांनी चार पोरी घरी आल्या. समृद्धी, दीपाली, निकिता आणि ती उंच रुद्रम्मा, जी तेराव्याला पंगतीत वाढत होती. भेटायला आल्या असतील म्हणून मी चहा केला. (साखर दोनदा पडली.) भिंतीवरच्या अयोध्याच्या फोटोकडं बघत त्या चहा प्याल्या. कप रिकामे झाल्यावर दीपाली म्हणाली, "काका, ग्राउंडवरल्या खोलीची किल्ली तुमच्याकडं हाय." किल्ली खरंच होती, अयोध्याच्या स्कूटीच्या किल्लीला अडकवलेली. मी काढून दिली. मला वाटलं विषय मिटला. दुसऱ्या दिवशी परत आल्या. खोली उघडली होती, पण हर्डल मांडायला माणूस नव्हता. कॉलेजनं खेळाच्या मॅडमच्या, म्हणजे अयोध्याच्या जागी ज्या सरांना तात्पुरतं नेमलंय ते राज्यशास्त्राचे आहेत. ते एकदा येऊन मैदान बघून गेले आणि मैदान आहे असा अहवाल देऊन मोकळे झाले. म्हणून मी गेलो. फक्त हर्डल मांडायला. एस.टी.तून निवृत्त झालेल्या माणसाला सकाळी दुसरं काय काम असतं?

हर्डल म्हणजे अडथळ्याच्या शर्यतीचा तो लोखंडी घोडा. त्याला खाली दोन पाय असतात आणि ते पळणाऱ्याच्या बाजूला करायचे असतात, म्हणजे पोरीचा पाय लागला तर तो पुढं आडवा होतो आणि पोरगी वाचते. हे मला नंतर कळलं. मी सगळे उलटे मांडले, कारण तसे ते दिसायला बरे दिसत होते. निकिता यंदाच कॉलेजात आलेली, गरीब पोरगी. मोठ्या माणसानं मांडलंय म्हणजे बरोबरच असणार, असं समजून सुटली. पहिल्यालाच पाय लागला. घोडा हलला नाही, निकिता हलली. गुडघे सोलून निघाले. तिला स्कूटीवरून घरी सोडायला गेलो, तर तिची आजी तिच्याकडं न बघता माझ्याकडं बघून म्हणाली, "पाव्हणं, तुमी कुटं पडलाव?" आरशात बघितलं तर चुना माझ्या केसांत, मिशीत, सगळीकडं होता. (रेषा मारायचं डबडं मी उलट्या बाजूनं धरलं होतं.)

दुसरं प्रकरण शिट्टीचं. अयोध्या लाकडाच्या दोन फळ्या आपटून पोरींना सोडायची. त्या फळ्या मला सापडल्या, पण हातात धरवेनात. म्हणून मी माझी जुनी कंडक्टरची शिट्टी काढली. आता एस.टी.त एवढी वर्षं गेल्यावर माणसाच्या अंगात एकच नियम भिनतो. एक वाजली की थांब, दोन वाजल्या की चल. मी दोनदा वाजवायचो आणि पोरी दुसऱ्या शिट्टीला निघायच्या. जुन्या पोरींना फरक पडला नाही. निकिताला मात्र सुरुवातीपासून मीच शिकवलं. विभागाच्या स्पर्धेत अडथळ्यांच्या शर्यतीला बंदूक वाजली, सगळ्या पोरी सुटल्या आणि आमची निकिता वाकून तशीच. दुसरी गोळी कधी वाजते याची वाट बघत. लोक ओरडायला लागले तेव्हा ती मान वर करून माझ्याकडं बघत होती. त्या पोरीच्या डोळ्यांत राग नव्हता, आक्का. विश्वास होता. त्यामुळं मला जास्त वाईट वाटलं.

पण तुमचा प्रश्न नावाचा आहे. त्यावर येतो.

रिलेमध्ये चार पोरी असतात हे तुम्हाला माहीत असेल. एकीनं पळत येऊन बॅटन नावाचं दांडकं दुसरीच्या हातात द्यायचं. घेणारी पाठ करून उभी असते. देणारी ठरलेल्या खुणेवर आली की ती पळायला लागते आणि हाक ऐकू आली की हात मागं करते. मागं वळून बघायचं नाही. बघितलं की वेग गेला. सुरुवातीला आमच्या पोरी नुसतं "हां" ओरडायच्या आणि बॅटन रोज खाली पडायचं. मला वाटायचं, मी उभा राहतो म्हणूनच पडतं. एक दिवस मी वळणावर खूण करायला चुना घेऊन वाकलो होतो. समृद्धी जिवाच्या आकांतानं पळत आली आणि ओरडली, "मल्हाऽर!"

आक्का, मी "ओ" दिली. नुसती दिली नाही, उठून सरळ तिच्या वाटेत गेलो आणि हात पुढं केला. तिनं त्या हातात बॅटन ठेवलं. पुढं दीपाली मागं हात धरून मोकळीच पळत राहिली, ती थेट रुद्रम्मापर्यंत. रुद्रम्मा रिकाम्या हातानं शेवटपर्यंत पळाली. बॅटन माझ्याकडं, तिकडं शर्यत संपलेली, आणि मी वळणावर चुन्यात उभा.

पोरी घाबरून गोळा झाल्या. समृद्धी रडायला लागली. "चुकून गेलं काका, तोंडातनं चुकून गेलं." शेवटी रुद्रम्मा बोलली. ती सीमेवरच्या गावची आहे, तिला आडपडदा नाही. "रागाला येऊ नका काका. मॅडमनीच शिकवलंय. सगळ्या टीमच्या पोरी घे घे वरडत्यात. मागच्या साली शेजारच्या पट्टीतली वरडली आन दीपालीनं तिच्या हाकंला हात मागं केला. मग मॅडम म्हणल्या, आपण असं नाव घिऊ की ते दुसरं कुणीच घ्यायचं न्हाय."

मी विचारलं, "मॅडम स्वतः घ्यायच्या?"

"तर! पहिल्यांदा त्याच पळून दाखवायच्या. सगळ्या गावाला ऐकू जायचं."

आता तुम्हीच सांगा. लग्नाच्या दिवशी तुम्ही दार अडवून उभ्या होता आणि नाव घेतल्याशिवाय सोडणार नाही म्हणालात. अयोध्या मान खाली घालून उभी. कढी गार झाली, वाजंत्रीवाले जेवून गेले, तरी नाव काही निघेना. शेवटी तुम्हीच माझं नाव घेतलंत आणि दार सोडलंत. त्यानंतर संसार झाला, युवराज झाला, ती ट्रॅकसूट घालून गावातून स्कूटी चालवायला लागली, पण नाव कधी नाही. अहो, ऐकलं का, युवराजचे पप्पा. मतदान केंद्रावर नवऱ्याचं नाव विचारलं तर माझ्याकडं बोट दाखवायची. तुमच्या आईची शिकवण होती, म्हणून मीही कधी हट्ट केला नाही. आणि हीच बाई रोज सकाळी मैदानात माझ्या नावानं ओरडत पळत होती. मैदान आणि बसस्थानक एकाच गावात, आक्का. पण मी तोवर स्टँडवर कंट्रोलर झालेलो, माइकवर दिवसभर कुर्डूवाडी, बार्शी, भूम करत दुसऱ्यांना हाका मारत होतो. माझी हाक मला ऐकू आली नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी दार लावून घेतलं. पोरींना निरोप धाडला की दुसरं नाव शोधा. त्यांनी शोधली. मलाच विचारलं म्हणून मी "कुर्डूवाडी" सुचवलं. ते म्हणून होईपर्यंत पोरगी पट्टीच्या बाहेर गेलेली असायची. भूमजवळच्या गावाचं "ईट" घेऊन बघितलं, ते तोंडातून निघायच्या आत संपायचं. एकीनं फराळाच्या डब्याकडं बघून "चकली" सुचवलं, त्याला सगळ्या हसून खाली बसल्या. (तुमचा चिवडा त्याच दिवशी संपला. शंकरपाळे एकट्या रुद्रम्मानं.) बॅटन पडतच राहिलं. शेवटी दीपाली म्हणाली, "काका, ह्या हाकंला हात जातच न्हाय मागं." मी शिट्टी खिशात घातली आणि म्हणालो, मॅडमनी शिकवलंय तसं करा. तेव्हापासून परंड्यात सकाळी माझं नाव ऐकू येतं. दूधवाला थांबून बघतो. तुमच्या कानावर ज्यांनी घातलं तेही त्याच रस्त्यानं जात असणार.

विभागाच्या स्पर्धेत रिलेला आमच्या पोरी दुसऱ्या आल्या. पहिली पळणारी निकिताच होती. मी तिला आधीच सांगितलं होतं, एकच वाजेल, एकीला निघ. ती निघाली. मी कुंपणाबाहेर उभा होतो. सगळीकडून घे घे घे चाललेलं, आणि त्यात एका वळणावर मल्हार, मग पलीकडं मल्हार, मग अलीकडं मल्हार. रुद्रम्माच्या हातात बॅटन आल्यावर हाक नाही. शेवटच्या पोरीला कुणाला हाक मारायची नसते. ती आपली एकटी पळते. टाळ्या वाजत होत्या. मी वाजवल्या की नाही ते आठवत नाही.

आता विद्यापीठाच्या स्पर्धा संभाजीनगरला आहेत. पण प्राचार्यांनी सांगितलं, मुलींच्या संघाबरोबर बाईमाणूस पाहिजे, नाहीतर संघ पाठवणार नाही. कॉलेजातल्या दोन शिक्षिकांपैकी एकीचं बाळ लहान आहे, दुसरीला परीक्षेचं काम आहे. पोरींनी विचारलं, "मग आमी न्हाय जायचं का काका?" मी हर्डल मांडत राहिलो. त्या तरीही रोज येतात आणि पळतात. असो. संघ गेला नाही तर माझंही इथलं काम संपलं. तुम्ही तेराव्याला म्हणालात तसं घराला कुलूप घालून नळदुर्गला येईन. तुम्ही माझ्यासाठी खोली झाडून ठेवलीत, खाट टाकलीत, हे बिभीषणरावांकडून कळलं. एवढं कोण करतं? पोरी माझं नाव घेतात त्याचा राग मात्र सोडा. त्यांच्या तोंडून हाक निघते, पण ती त्यांची नाही.

बिभीषणरावांना नमस्कार. गायीला चारा वेळेवर घालत जा, एवढं मी सांगायला नको.

आपला,
मल्हार

ता. क. – तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होता हे मी प्राचार्यांना सहज बोललो. निवृत्त शिक्षिका चालतात म्हणाले. तुमचं नाव सांगितलं नाही. (सांगितलं. लिहूनही दिलं. आता न आलात तर पोरी घरी बसतील.) येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं या, मी स्टँडवर असेन. गुडघ्याला पट्टा घेऊन या. पळायचं नाही, नुसतं बरोबर राहायचं आहे.

ता. क. – येताना चिवडा आणा. जास्त आणा.

ता. क. – नळदुर्गच्या खोलीत तूर्त तुरीची पोती ठेवली तरी हरकत नाही. निकिताचं हर्डलचं अजून बरंच राहिलंय आणि मी आता घोडे सरळ मांडायला शिकलो आहे.

ता. क. – तिथं तुम्हाला दुसऱ्या वळणाजवळ उभं करीन. तिथं समृद्धी दीपालीला हाक मारते. हाक आली की ओ देऊ नका आणि मागं वळून बघू नका, एवढाच नियम आहे. मला अजून जमत नाही.