चिंगीसाठी दहा मिनिटं

१४ जून

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीची पाठ आता बरी असेल. आई मजेत आहे. ऐकू येत नाही म्हणते, पण स्वतःविषयी बोललेलं तिला शेजारच्या खोलीतून ऐकू येतं.

चिंगीच्या हर्नियाचं ऑपरेशन गुरुवारी ठरल्याचं वहिनीनं सांगितलं. तू रोज ऑपरेशनच्या टेबलापलीकडे माझ्यासमोर उभा असतोस, तरी निरोप वहिनीकडून. "लेकीला ते कमरेतलं इंजेक्शन नक्की द्या म्हणालेत." मी बरं म्हणून फोन ठेवला.

भूल दिल्यावर मुलाला कुशीवर वळवून माकडहाडाशी एक इंजेक्शन द्यायचं आणि ते लागू पडेपर्यंत थांबायचं. मग जाग आल्यावरही काही तास जखम दुखत नाही. हे मी तुला किती वर्षं सांगतेय. तुझं उत्तर ठरलेलं. "बाईसाहेब, दहा मिनिटं जातात. पोरांना कुठे लक्षात राहतं? रडू दे, फुप्फुसं मोकळी होतात." सगळे हसतात. तू न थांबता सुरी उचलतोस.

परवाची शिंप्याची मुलगी आठव. राउंडला ती हूं की चूं करत नव्हती. "बघा, किती शहाणी," म्हणालास आणि पुढच्या खाटेकडे गेलास. सिस्टरनं लिहिलं, दुखत नाही. दादा, हललं की दुखतं एवढं तिला कळलं होतं. पाय पोटाशी घेऊन ती खोकला दाबत होती. मी औषध दिलं. थोड्या वेळानं तिनं पाय सरळ केले आणि बाहुली घरी विसरली म्हणून आईशी कडाकडा भांडली.

मला वाटायचं, तुला पटत नाही. पटलेलं होतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कारटं.

गुरुवारी चिंगीनंतर आणखी दोन मुलं आहेत. चिंगीला मी इंजेक्शन देईनच, तिचा काय दोष? पण सकाळी इंजेक्शनचे तीन ट्रे मांडलेले दिसले, तरच पुढच्या दोघांना भूल देईन. एकच दिसला, तर चिंगी शुद्धीवर येऊन नीट बोलेपर्यंत तिच्याजवळ बसेन आणि घरी जाईन. त्या दोघांसाठी, आणि त्यानंतरच्या सगळ्यांसाठी, तू दुसरं कुणी बघ. निरोप वहिनीकडून नको.

चिंगीला पापा. तुला नमस्कार, मोठा आहेस म्हणून.

धाकटी