दादाचे तिकीट

मी, धक्क्यावरची नाववाली, वय वर्षे एकाहत्तर, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी हात धरून लिहून घेत नसताना हे मृत्युपत्र करते. "डोके ठिकाणावर" हे शब्द वकिलांचे. माझ्या थोरल्या भावाला ते पटणार नाहीत.

१. राहती खोली, भांडी व शिवणयंत्र धाकट्या नणंदेला. तिने माझे दुखणे काढले आणि एकदाही बोलून दाखवले नाही.

२. बँकेतली शिल्लक नावेच्या डागडुजीला. डांबर चांगल्यातले घ्यावे.

३. नाव, वल्ही आणि पाण्याची खोली मोजायची काठी भाचीला, म्हणजे दादाच्याच मुलीला. याचे कारण लिहिणे भाग आहे. दादाच्या कारखान्याने आधी नदीत रंगाचे पाणी सोडले, मग आवार वाढवायला पात्रात भिंत घातली. प्रवाह वळला आणि गाळ आमच्या धक्क्याशी साचला. नवा जलमार्ग कायदा सांगतो की जिथे नावा चालतात त्या पाण्यात घाण सोडू नये, परवानगीशिवाय बांधकाम करू नये. मी दावा लावला. दादाच्या वकिलाने पळवाट काढली: नाव चालत नसेल तर तो जलमार्गच नव्हे. पूल झाल्यावर बाकीचे नाववाले केव्हाच उठून गेले होते. उरले मी. म्हणून रोज नाव सोडते, प्रत्येक उतारूचे नाव तिकिटावर लिहून अर्धे त्याला देते, अर्धे कोर्टासाठी ठेवते.

दादा माझ्याच घरात चहा पिता पिता म्हणाला, "अगं, तू किती दिवस वल्हवणार? मला काही घाई नाही." सख्ख्या भावाने माझ्या मरणाची वाट पाहावी, याचे मला फार वाईट वाटले. पण मी मेले तरी नाव थांबायची नाही.

भाची रडली. "आत्या, बाबांच्या विरोधात मी कशी उभी राहू?"

"उभी राहूच नकोस, नाव डुलते. बसून वल्हव."

ती हसली आणि हो म्हणाली. दाव्यात माझ्या जागी तिचेच नाव लावावे.

४. नावेवर राडारोडा टाकणाऱ्या दादाच्या कारखान्यातल्या मुकादमाला काहीही नाही. माझी छत्री मागेल, देऊ नये.

५. माझे प्रेत पुलावरून गाडीने नेऊ नये. स्मशान पलीकडे आहे, नावेतूनच न्यावे. वकील म्हणाले, "मावशी, असलं मृत्युपत्रात लिहीत नाहीत." मग काय लग्नपत्रिकेत लिहू? सोबत येणाऱ्या प्रत्येकाचे तिकीट फाडावे. दादा येईल. लहानपणी माझी पाण्याची भीती त्यानेच घालवली, तो आल्याशिवाय राहणार नाही. त्याला माझ्या उशाशी बसवावे. त्याच्याही नावाचे तिकीट फाडावे, अर्धे त्याच्या हातात द्यावे, अर्धे कोर्टात.

भाडे मात्र त्याच्याकडून घेऊ नये.

साक्षीदार: पलीकडच्या काठावरची सुईण (सही)
धक्क्यावरचा न्हावी (सही)

लिहून देणार: नाववाली (सही)
ठिकाण: धक्क्यामागची खोली. गुरुवार, पाणी उतरणीला, नाव चालू.