पाचपैकी तीन

४ मे २००३, पावस

आज आप्पाकाकांना गप्प केलं! आमच्या सामाईक बागेतला परवा उतरवलेला आंबा बाबा यंदा प्रथमच परदेशी पाठवायचा म्हणतात. आधी तपासणी असते – लॉटमधली कुठलीही पाच फळं कापतात. एकात साका, म्हणजे आत पांढरा पडलेला आंबट गर, निघाला तर चालतो, दोनांत निघाला की सगळा माल परत. आणि साका बाहेरून दिसत नाही, हीच तर गोम! काका म्हणाले, "माल परत आला तर पुढल्या साली बाग मी बघणार." बाबांचा चेहरा उतरला.

मी वही आणली. बारावीच्या सुट्टीतल्या क्लासला नुकतंच द्विपद वितरण झालंय. बाबांना विचारलं, साका किती फळांत? "दहात एखादा." म्हणजे p = ०.१, n = ५. शून्य किंवा एकच साका निघण्याची संभाव्यता ०.९१८५. शंभरात ब्याण्णव वेळा पास! काका वही मिटत म्हणाले, "बघ हां राही, तुझ्या शब्दावर पाठवतोय."

बाबा खूश. मी तर हवेतच.

८ मे

पाचपैकी तीन.

९ मे

माल परत आला. पडवीत पेट्याच पेट्या. काका आईला ऐकू जाईल असं म्हणाले, "आता पोरीच्या वहीवर बाग चालवा!" बाबा जेवले नाहीत. माझ्यामुळे. गणित पाच वेळा तपासलं. तीन किंवा जास्त निघायची शक्यता हजारात नऊसुद्धा नाही! मग चूक कुठेय? शरम वाटते नुसती.

१० मे

क्लासला हरिश्चंद्र सरांना वही दाखवली. एक ओळ खोडली नाही त्यांनी. "उत्तर बरोबर आहे. p ची किंमत कुठून आणलीस?" बाबांनी सांगितली, म्हटलं. "मग ती तपास."

घरी येऊन परत आलेल्या पेटीतले वीस आंबे कापले. नऊंत साका! आंबे उतरवणारा धाकू शेजारीच बसला होता. म्हणाला, "निघणारच गो. आंबा चौदा आणे तयार झाला की उतरवायचा, ह्यो पार जून झालावता. तुज्या बापसाला तवाच सांगितलंवतं मी."

११ मे

बाबांना विचारलं. पायांकडे बघत म्हणाले, "आप्पा तुझं ऐकेल असं वाटलं. म्हणून आकडा चांगल्या सालातला दिला."

मला वापरलं!

काकांना काही सांगितलेलं नाही. मघाशी बाबांनी दोनदा हाक मारली. मी ओ दिली नाही.