ताटली उघडण्याआधी

प्रिय उंदीरखाऊ न्झिमा,

तुझे निरोप पोचले, सगळे. ‘माझ्या मादालित्सोला तुझी कासुबा द्यायची की नाही, एकदाचं बोल रे माकडखाऊ!’ इतकं सरळ विचारलंस, तरी मी मूग गिळून बसलोय. तुझा मध्यस्थ, तो म्हातारा शावा, मात्र मजेत आहे. मागणीची झाकलेली ताटली समोर ठेवून माझ्या अंगणात बसतो. मी ती उघडली की होकार. मी उघडत नाही आणि तो उठत नाही. परवा म्हणाला, "घाई नाही हो, सावकाश विचार करा. फक्त उद्याच्या कोंबडीत जरा जास्त दाण्याचं कूट घालायला सांगा." त्याला बघून आता कोंबड्या लपतात.

घरातले सगळे माझ्यावर उलटलेत. आधी मी कासुबाच्या मामाची सबब सांगितली. आम्हा बेंबांमध्ये मामाच्या शब्दाशिवाय मुलगी जात नाही, हे तुलाही ठाऊक आहे. तर मामा दुसऱ्याच दिवशी सायकलवर हजर! जेवला, ढेकर दिली, ‘पोरगा चांगला आहे’ म्हणाला आणि गेला. मग मी हत्ती पुढे केले. मक्यात हत्ती शिरतात, अशात लग्न कुठलं काढता? बायको म्हणाली, "हत्तींना बोलावलंय कुणी?" आणि कासुबा? फक्त माझ्या एकट्याच्या भाजीत मीठ घालत नाही.

सफारीच्या कॅम्पवर तुझ्या जागी चहाची टोपली वाहायला नवा माणूस आलाय. अतिशय सभ्य. मला ‘साहेब’ म्हणतो, मेला! पुढे बंदूकवाला, मग वाट दाखवायला मी, मग पाहुणे, शेवटी तो, आणि मागून दिवसभरात एक शिवी येत नाही. या मोसमात पाहुणे तरी कुठे आहेत म्हणा. इथे पायी फिरायचं, सिंह दिसला तरी पायीच, असं कळलं की निम्मे तिकडूनच माघारी फिरतात. तुझ्या गुडघ्यांनी दगा दिला आणि तू चिपाटाला जाऊन बसलास, तेव्हापासून मला हे जंगल फार मोठं वाटायला लागलंय.

मवालेशी नदीच्या काठचा तो रानरेडा आठवतो? धावत आला तेव्हा मी पाहुण्यांना वारुळामागे ढकललं आणि स्वतः झाडावर चढलो. तू टोपली डोक्यावर घेऊन वारुळावर उभा, आणि जीव मुठीत धरायचा सोडून ओरडतोयस, "बघा बघा, बेंबा आपल्या जेवणाच्या घरी पोचला!" मी वरून ओरडलो, "तुझं जेवण बिळात असतं, तूही शीर!" बंदूकवाल्याने हवेत बार काढला, रेडा वळला, गेला, तरी आपलं चालूच. मग त्या पाहुण्यांतली ती डेन्मार्कची मास्तरीणबाई. दोन जमातींचं जुनं वैर पेटलं म्हणून घाबरली बिचारी. आपल्या पणज्यांना भाल्यांनी एकमेकांना हरवता येईना, म्हणून त्यांनी भाले टाकले आणि थट्टा उचलली, ती थट्टा कुणी मनाला लावून घ्यायची नाही, हे तिला कोण समजावणार? तिने आपल्याला समोरासमोर बसवून माफी मागायला लावली. आणि तिचं मन राखायला आपण पुढचा अख्खा दिवस सभ्य राहिलो! तू म्हणालास, "आपण चहा घेणार का?" मी म्हणालो, "आभारी आहे." स्वयंपाक्याला वाटलं, यांचं खरंच बिनसलं. त्याने भीतीने सुऱ्या लपवल्या. खरं सांगतो, तो चहा मी झुडपात ओतून टाकला होता.

तर आता ऐक. तुझा मादालित्सो सोन्यासारखा पोरगा आहे, आईवर गेलाय. खोट त्याच्यात नाही. पण ताटली उघडली की आपण व्याही. व्याह्यापुढे मान खाली, आवाज खाली, थट्टा बंद, अगदी मरेपर्यंत. म्हणजे त्या बाईचा तो दिवस जन्मभर! आणि त्याहून एक गोष्ट मला खाते. मी आधी गेलो असतो तर आपल्या थट्टेच्या नात्याच्या रीतीप्रमाणे तू मयताला आला असतास, माझी टोपी घालून माझ्याच खड्ड्यात आडवा पडला असतास, "ऊठ रे आळशा, ही जागा माझी!" म्हणून रडणाऱ्या बायकांना हसवलं असतंस. आता तू व्याह्यांच्या रांगेत मान घालून गप्प बसशील. न्झिमा, मला ते सहन होत नाही रे. म्हणून इतके दिवस ती ताटली तशीच राहिली. पण माझ्या करमणुकीसाठी पोरीला किती रडवू, आणि अळणी तरी किती खाऊ? उद्या सकाळी उघडतो. हे पत्र शावाच्याच हाती येईल, म्हणजे तू वाचशील तेव्हा आपण व्याही झालेलो असू आणि तुला उलट शिवी देता येणार नाही. शेवटचा शब्द माझा, उंदीरखाऊ! एवढंच कर. माझ्या मयताला तेवढी रीत मोड. लोक नावं ठेवतील, ठेवू देत. तू खड्ड्यात उतर आणि मला माकडखाऊ म्हण.

आजच्या दिवसापुरता तुझाच,
चिलेक्वा