सागरकन्या हेल्पलाइन, नंदनवन

२ ऑगस्ट २०२४
मुग्धाला कंपनीचं पत्र आलं. डेक कॅडेट, म्हणजे जहाजावरची शिकाऊ अधिकारी. नागपुरातून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लवकर लागत नाही, आणि इथून आमची मुलगी निघाली. ऊर भरून आला. सुरुची आधी रडली, मग तिनं शिरा केला.

मीसुद्धा एक निर्णय घेतला. रिटायर झालो म्हणून नुसतं बसायचं नाही. समुद्रावर करिअर करणाऱ्या मुलींना आधार द्यायला विदर्भात कोणी नाही. मी आहे. संस्थेचं नाव : विदर्भ सागरकन्या सहाय्य मंच. अध्यक्ष मी. उपाध्यक्ष सुरुची (तिला सांगायचं आहे). शिवाय उद्यापासून पहाटे पाचला उठून फिरायला जाणे.

३ ऑगस्ट
उठायला आठ वाजले. हवा दमट.

९ ऑगस्ट
कंपनीची एक पद्धत आहे म्हणे. मुलगी कॅडेट असली की तिला एकटीला जहाजावर पाठवत नाहीत. जिथे आधीच एखादी महिला अधिकारी आहे, तिथेच देतात. मुग्धाच्या जहाजावर केरळची एक थर्ड ऑफिसर आहे. दोघी फोनवर तासभर बोलल्या. बुटांचा नंबर, बॉयलर सूट, म्हणजे कामाचा अंगभर पोशाख, खांद्यात कसा आवळायचा, केबिनची कडी कशी असते, असलं काहीतरी. मुग्धा भलतीच खूश.

मी तितका खूश नाही. केरळची बाई. ओळख ना पाळख. आधार म्हणजे आपल्या गावचा माणूस. रामदासपेठेतल्या भैयाजींचा मुलगा जितेंद्र याच कंपनीत चीफ ऑफिसर आहे, कॅप्टनच्या खालोखाल. उद्या भैयाजींना भेटणे.

११ ऑगस्ट
काल कंटाळा आला म्हणून आज गेलो. मोठा बंगला, मोठं मन. कचोरी खाल्ली. मुग्धाला जितेंद्रच्या जहाजावर घेता येईल का, असं सहज विचारलं.

भैयाजी म्हणाले, "सुमंतराव, टेन्शन काहून घेऊन राहिले? पोरगं माझं हाये न तिथं. बहिणीसारखी सांभाळते तो तिले."

माझ्यासमोर फोन लावला. जितेंद्र ऑफिसात शब्द टाकणार. एका कचोरीत जहाज बदललं, याला म्हणतात कॉन्टॅक्ट्स. भैयाजींना मंचाचे आश्रयदाते केलं. त्यांनी नाही म्हटलं नाही.

२० ऑगस्ट
काम फत्ते. ऑफिसातून मुग्धाला नव्या जहाजाचं नाव आलं. तिनं विचारलं, कोणी बदललं? मी मोठ्या मनानं सगळं श्रेय भैयाजींना दिलं. तिनं ते नाव पुन्हा वाचलं. मग म्हणाली, बाबा, त्या जहाजावर मी एकटीच मुलगी असेन. एकटी कशी? नागपूरचा माणूस आहे तिथे. पण आजकालच्या मुलांना गावाची किंमत नाही.

आता नकार दिला तर पुन्हा नंबर कधी लागेल याचा नेम नाही, म्हणून ती जाणार. शेवटी बापाचंच ऐकलं म्हणायचं.

५ सप्टेंबर
मुग्धा गेली. एअरपोर्टवरून येताना सुरुची वर्धा रोडभर खिडकीबाहेर बघत होती. मी गाडीतूनच जितेंद्रला फोन केला. सांगितलं, पोरीवर बारीक लक्ष ठेवा. वेळ-अवेळ बघू नका, परकं समजू नका, माझी पूर्ण परवानगी आहे. तो म्हणाला, अंकल, डोन्ट वरी. लाघवी मुलगा.

१२ ऑक्टोबर, दसरा
हेल्पलाइनचं उद्घाटन. वेगळा फोन, वेगळं सिम. लोक शस्त्रं पुजतात, आमचं शस्त्र फोन, म्हणून पाटावर ठेवून त्यालाच हळद-कुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. स्पीकरच्या भोकांत कुंकू गेलं. टाचणीनं काढलं. फोनच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली, म्हणजे ऐनवेळी शब्द शोधायला नकोत : 'नमस्कार ताई. आपण एकट्या नाही. आपलं म्हणणं गुप्त राहील. सविस्तर सांगा.'

पत्रकं वाटली, एकाचा फोटो मुग्धालाही पाठवला. फोन शोकेसमध्ये, जहाजाच्या मॉडेलशेजारी ठेवला. शोकेसला कुलूप, कारण शेजारचा पियूष त्यावर गेम खेळेल.

२४ ऑक्टोबर
एकही कॉल नाही. म्हणजे मुली सुखात आहेत. मंचाच्या कामाचाच हा परिणाम.

३ नोव्हेंबर
भाऊबीज. जितेंद्रला ओवाळणीच्या ताटाचा फोटो पाठवला. लिहिलं, बहीण तिथेच आहे, ओवाळून घ्या. त्यानं अंगठा पाठवला. मुग्धालाही पाठवला, तिचं उत्तर नाही. नेट नसेल.

१४ नोव्हेंबर
मुग्धाचा मेसेज : बाबा, मी हे सोडलं तर? लगेच गरुडाचा व्हिडिओ पाठवला. गरुड वादळात कसा वर जातो, त्याचा. तिनं बघितला, दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. भारावली असणार.

१९ नोव्हेंबर
मुग्धाचा फोन. हे नीट लिहून ठेवायला हवं.

ती म्हणते, जितेंद्र काहीतरी कारण काढून तिच्या केबिनचं दार वाजवतो. एकदा आत आला आणि लवकर गेला नाही. हात धरला. तिच्या ट्रेनिंगच्या पुस्तकावर त्याची सही लागते, ती तो देत नाही, आधी नीट वाग म्हणतो. बाकीचे बघून न बघितल्यासारखं करतात. मी म्हटलं, अगं, मीच त्याला लक्ष ठेवायला सांगितलंय, गैरसमज झाला असेल. तेव्हा तिचा आवाज एकदम सपाट झाला. म्हणाली, तारखा आणि वेळा ती लिहून ठेवते आहे. कंपनीचा किनाऱ्यावर एक माणूस असतो, त्याच्याकडे परस्पर तक्रार करता येते. पुढच्या बंदरात ती करणार.

"बाबा, तोपर्यंत त्याला कळता कामा नये. तुम्ही काही करू नका. एवढंच करा. भैयाजींना सांगू नका."

मी शब्द दिला. सुरुचीला सांगितलं. ती म्हणाली, पोरीला आत्ताच्या आत्ता घरी बोलवा. मी म्हटलं, आठ मार्चला महिला दिनाचा सत्कार ठरतोय, मुग्धाचा आणि जितेंद्रचा दोघांचा, 'सागरकन्या' आणि 'सागरपुत्र'. हॉल बुक आहे. मधूनच कशी येईल ती? सुरुची उठून आत गेली. जेवायला मला एकट्यालाच वाढलं.

२१ नोव्हेंबर
पहाटे पाचला उठायचा निश्चय पुन्हा. दुपारी भैयाजींकडे जावं लागलं, बॅनरवर त्यांचा फोटो कुठला घ्यायचा हे विचारायला. विषय निघाला. मी सांगितलं नाही. कानावर घातलं. सांगणं आणि कानावर घालणं यात फरक आहे. मोठी माणसं अशा गोष्टी आवाज न करता मिटवतात.

भैयाजी हसले. "पोरीची जात हाये, नवीन जागा हाये, होते असं. मी बोलतो पोट्ट्याशी." त्यांनी तिथेच फोन घेतला. मी कचोरी घेतली. मन हलकं झालं.

३० नोव्हेंबर
मुग्धाचा फोन नाही. मेसेज नाही. मिटलेलं दिसतं.

१५ डिसेंबर
अजून नाही. भैयाजींना विचारलं. ते म्हणाले, तुमच्या पोरीनं काही करायच्या आत जितेंद्रनंच कॅप्टनला रिपोर्ट दिला. कामात कच्ची, उलट बोलते, जहाजावर राहायच्या लायकीची नाही. आता तिनं कितीही सांगितलं तरी सूड म्हणूनच बोलते असं वाटेल, हे त्यांनी मला समजुतीच्या सुरात सांगितलं. वर, तिचा फोन सध्या ऑफिसरांकडे जमा आहे, तर काळजी नका करू.

परत येताना रामदासपेठेतून नंदनवनापर्यंत चालत आलो. थंडी चांगली पडली आहे. व्यायाम झाला.

१६ डिसेंबर
सुरुचीला कालचं पूर्ण सांगितलं नाही. उगाच तिला काळजी. बॅनरचं प्रूफ आलं. 'सागरपुत्र' ठळक आहे, 'सागरकन्या' जरा बारीक. दुरुस्त करायला सांगणे.

७ जानेवारी २०२५
परदेशातल्या नंबरवरून सारखा फोन. ओळखीचा नंबर नाही. व्हिडिओवर पोलीस बनून लोकांना लुबाडणाऱ्यांबद्दल परवाच पेपरात आलं होतं. कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. नंतर ब्लॉकच केला. सावध राहायला हवं.

७ जानेवारी, संध्याकाळ
हेल्पलाइन वाजली. पहिला कॉल. शोकेसची किल्ली सापडेना. सुरुचीनं देवघरातून आणून दिली तोवर फोन बंद पडून पुन्हा वाजला. घाईत चिठ्ठीवरचं पूर्ण वाचलं. नमस्कार ताई. आपण एकट्या नाही. आपलं म्हणणं गुप्त राहील. सविस्तर सांगा.

पलीकडून नुसती खरखर आली. समुद्राचा आवाज असेल असं वाटलं, पण तो श्वास होता.

"बाबा, मी एकच गोष्ट करू नका म्हटलं होतं."

मुग्धा. बंदरावरच्या खलाशांच्या क्लबमधून बोलत होती, कोणाच्या तरी फोनवरून. मी म्हटलं, मुग्धा, अगं, कानावर घातलं फक्त. मग चिठ्ठीवरचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. सविस्तर सांगा. तिनं फोन ठेवला.

सुरुची माझ्या समोर उभी होती. स्पीकर चालू होता. मला आवाज बंद करता येत नाही त्या फोनचा.

८ जानेवारी
हेल्पलाइनच्या रजिस्टरमध्ये नोंद केली. कॉल पहिला. स्वरूप : कौटुंबिक. कारवाई : चालू.

२ फेब्रुवारी
मुग्धानं कंपनीकडे तक्रार केली होती, त्याच बंदरातून. तारखांसकट. केरळच्या त्या थर्ड ऑफिसरनं तिला कागद कसे लिहायचे ते फोनवर सांगितलं, वकील शोधून दिला, दुसऱ्या दोन मुलींना बोलतं केलं. या जितेंद्रबद्दल त्यांनाही सांगायचं होतं. हे मला सुरुचीकडून कळलं, सुरुचीला तिच्या बहिणीकडून, पुण्याहून. मुग्धा पुण्याला मावशीकडे उतरली आहे. मुंबईहून नागपूरचं विमान पुण्यापेक्षा महाग पडत असेल.

जितेंद्रला जहाजावरून उतरवलं. चौकशी सुरू. त्यानं आधीच दिलेल्या रिपोर्टमुळे मुग्धाचीसुद्धा चौकशी. तेवढा एक रिपोर्ट आधी पडला नसता, तर ती सरळ सुटली असती, असं वकील म्हणतो. हे सुरुचीनं मला दोनदा सांगितलं. एकदाच पुरलं असतं.

३ फेब्रुवारी
सुरुची पुण्याला गेली. निघण्याआधी मी येऊ का विचारलं. ती म्हणाली, मुग्धाला विचारते. तिला फोन केल्यावर काय उत्तर आलं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. डबे भरून ठेवले आहेत. प्रत्येकावर वार लिहिला आहे.

८ मार्च, महिला दिन
कार्यक्रम रद्द. भैयाजी फोन उचलत नाहीत. दुपारी त्यांच्या गेटपर्यंत जाऊन आलो, वॉचमननं ओळख दिली नाही. बॅनर घरीच आणला. दोन शाली आल्या होत्या. एक पांघरून बसलो, पंख्याखाली. नारळ फोडला नाही.

२९ मार्च
सुरुची परत आली. मुग्धावरचा ठपका पुसला गेला, नवं जहाज मिळालं. केरळवालीच्याच जहाजावर. जे ऑगस्टमध्ये मिळत होतं ते. मधल्या महिन्यांचा अनुभव तिच्या ट्रेनिंगमध्ये धरणार नाहीत, सही नाही म्हणून. ती पुन्हा पहिल्यापासून.

मी म्हटलं, चला, गोड झालं शेवटी. सुरुचीनं माझ्याकडे बघितलं आणि डबे घासायला घेतले.

११ एप्रिल
पहाटे पाचला जाग आली. आपोआप. उठलो, बूट घातले, दाराशी गेलो. जायचं कुठे ते कळेना. परत येऊन बुटांसकट खुर्चीवर बसलो.

१७ एप्रिल
कडक ऊन. हेल्पलाइन वाजली.

या वेळी किल्ली शोकेसलाच होती. मुलीचा आवाज. नाव सोनिका, राहणार इथलीच, नंदनवन. नुकतं जहाज मिळालं आहे. माझं पत्रक तिच्याकडे आहे. मी चष्मा लावला, वाचायला लागलो. 'आपलं म्हणणं गुप्त राहील' इथपर्यंत आलो होतो.

"काका, मी तुम्हाले काही नाही सांगत. तुम्हाले सांगितलं का त्याच माणसाले कळते, असं सीनियर मुली सांगतात. मले फक्त मुग्धाताईचा नंबर पाह्यजे."

ती उद्धटपणे बोलली नाही. रस्ता विचारावा तसं बोलली. मला लाज वाटली. ती कानापर्यंत चढली, आणि या वहीत तिला दुसरं नाव देता येत नाही.

नंबर देतो म्हटलं. माझ्या मोबाइलमध्ये मुग्धाचा आहे तो जुना, जानेवारीपासून बंद लागणारा. नवा माझ्याकडे नाही. इतके दिवस मी तो मागितला नाही, कारण मागितला आणि दिला नाही तर, असं वाटायचं. सोनिकाला थांब म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेलो. सुरुचीनं काही न विचारता माझ्या हातातून फोन घेतला, गॅलरीत गेली आणि दार लावून घेतलं.

बराच वेळ बोलत होती. मला काही ऐकू येत नव्हतं. ते बरोबरच होतं.

आली तेव्हा तिनं फोनच्या पाठीवरची चिठ्ठी नखानं काढून टाकली. फोन शोकेसमध्ये ठेवला नाही, आपल्या पर्समध्ये टाकला. तिला मी उपाध्यक्ष केलं होतं, ते सांगायचं राहूनच गेलं. आता सांगण्यात अर्थ नाही.