एक्याऐंशीपुढचा शेरा

धुळे,
१४ सप्टेंबर २०२५

सौ. सुलक्षणाबाईंस,
अभिमनचा सविनय नमस्कार.

येथील गृहस्थाश्रम कुशल आहे. भाजीत लवण कधी द्विगुण, कधी शून्य. आपण गणिताच्या पाठ्यपुस्तकासाठी जळगावी प्रस्थान केल्यापासून शेजारच्या तानुबाई रोज अहिराणीत विचारतात, "मास्तर, बाई आजून जळगावलेच शे का?" मी म्हणतो, "शे." म्हणजे, आहे. संस्कृतच्या अध्यापकास याहून संक्षिप्त सूत्र सुचत नाही.

फोन असताना पत्र कशाला, असे आपण म्हणाल. फोनवर आपल्या पलीकडून सहलेखक भूपेंद्र यांचे हास्य ऐकू येते. त्या पार्श्वसंगीतावर मला बोलता येत नाही.

भाषाशुद्धीसाठी पाठवलेले प्रकरण सोबत परत करतो. विषय: चार मितींतील दोन सदिशांनी व्यापलेल्या समांतरभुज चौकोनाचे क्षेत्रफळ. माझा अधिकार ऱ्हस्वदीर्घापुरता. परंतु "भूपेंद्रसरांची रीत फार सुंदर आहे" हे आपल्या मुखातून इतक्यांदा ऐकले, की ती रीतच शिकलो. कोन मोजायचा नाही. दोन्ही लांबींच्या वर्गांचा गुणाकार, त्यातून अदिश गुणाकाराचा वर्ग वजा, मग वर्गमूळ. रीत सुंदर आहे. हे लिहिताना अत्यंत क्लेश होत आहेत.

त्यांचे उदाहरण: (१, २, ०, २) आणि (२, १, २, ४). लांबी तीन आणि पाच, अदिश गुणाकार बारा. दोनशे पंचवीस वजा एकशे चव्वेचाळीस, एक्याऐंशी. महाशय तेथेच थांबले. वर्गमूळ राहिले, उत्तर नऊ. तीन आणि पाच भुजांचा चौकोन फार तर पंधरा व्यापेल. एक्याऐंशी व्यापायला तो काय भूपेंद्रांचा लौकिक आहे?

स्वयंपाकघरात मी एकट्याने विजयोत्सव केला. मग समासात आपल्या अक्षरातला शेरा दिसला: "सुरेख."

बाई, माझी दुधाची बेरीज आपण दोनदा तपासता. मी "निघालो" म्हटले, तर मागे रस्त्याचा आवाज येतो का, ते ऐकता. माझे एकही विधान आपण आजवर असेच सोडले नाही. यांचे एक्याऐंशी मात्र न तपासता सुरेख झाले. चूक त्यांची आहे. झोंबला तो आपला शेरा.

उत्तर दुरुस्त केले आहे. शेरा खोडलेला नाही.

काल फोनवर आपण विचारलेत, "अहो, दुसऱ्या भागासाठी भूपेंद्रसर दिवाळीपर्यंत थांबा म्हणतात. थांबू ना?" मी "ग्रंथकार्य पवित्र आहे" असे काहीतरी भारदस्त बोललो. पलीकडून भूपेंद्रांचे "वा, सर" ऐकू आले. माझा तो अभिप्राय मी मागे घेतो.

थांबू नका. दुसरा भाग इथे बसून लिहा. ऱ्हस्वदीर्घ मी पाहीन, वर्गमूळही पाहीन.

सर्व विशेषणे वगळून,
आपला
अभिमन