फलश्रुती नसलेलं स्तोत्र

मंगळवार, दिवेलागणीनंतर. नानाखेडा, उज्जैन.

आज चर्चमध्ये माझी फजिती झाली, आणि कोणाला कळलीसुद्धा नाही. बँकेतला माझा जुना सहकारी जोसेफ, त्याच्या बायकोची, मेरीवहिनींची शोकसभा होती. आजारपणात त्यांनीच बायबलमधलं एक स्तोत्र निवडून ठेवलं होतं, आणि ते मी वाचावं असंही सांगून ठेवलं होतं. हिंदीत होतं, वाचलं. स्तोत्र कसलं, देवाकडे सरळ तक्रारच. ऐकत का नाहीस, तोंड का फिरवतोस? शेवटची ओळ अंधाराची. संपलं.

मी पान उलटलं. फलश्रुती शोधत होतो, हे म्हटल्याने काय मिळेल ती. आपल्या स्तोत्रांना शेवटी असतेच ना! परत मागे आलो, परत पान उलटलं. जोसेफला वाटलं मी रडतोय. उठून आला, पाठीवर हात ठेवला. "बस, इतना ही है, जोशीजी. मूल यहूदियों का है, वे भी ऐसे ही पढ़ते हैं."

मी रडत नव्हतो. त्याला सांगायला हवं होतं का?

आत्ता देवापुढे रोजचं स्तोत्र म्हटलं. फलश्रुती आली: रोग जातील, आयुष्य वाढेल. जोसेफला न सांगता वहिनींसाठी तीन महिने हेच म्हणत होतो. तिथेच थांबलो.

"अर्ध्यातच का सोडलंत?" हिने आतून विचारलं.

"इतकंच आहे," म्हणालो.

आता मात्र पाठीवर तो हात हवा होता.